आधी हवा काढा, मग उन्हाला नावं ठेवा

वऱ्हाडात जुनी गाडी गरम झाली की ती का झाली, हे सहसा कुणी विचारत नाही. पंचेचाळीस डिग्रीत दुसरं काय होणार, असं धरूनच बोलणं सुरू होतं. ते अमरावतीच्या बडनेरा रोडवर होवो, मूर्तिजापूरच्या ढाब्यासमोर होवो की अकोल्याच्या एखाद्या गल्लीतल्या गॅरेजात, शेवट ठरलेला: थर्मोस्टॅट काढून टाका, फॅन डायरेक्ट करून घ्या, आणि एवढ्यानेही भागलं नाही तर गाडीच काढून टाका, पंधरा वर्षं तर झालीच. “आपल्याइकडे काय बर्फ पडते का भाऊ? थर्मोस्टॅट काहाले पाह्यजे?” हे इतक्या ठसक्यात ऐकवलं जातं, की गिऱ्हाइकाला आपणच अडाणी वाटायला लागतं.

या सगळ्या सल्ल्यांना माझा विरोध आहे. जुनी गाडी गरम होण्याची कारणं अनेक असतात हे मला मान्य आहे. पण त्यातलं सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त वेळा दुर्लक्षित राहणारं कारण म्हणजे कूलिंगच्या पाण्यात अडकलेली हवा. ती तिथे आपोआप येत नाही. कुणीतरी होज बदललेला असतो, वॉटर पंप बदललेला असतो, रेडिएटर उतरवून धुतलेला असतो. मग वरून पाणी ओतलं, काठोकाठ दिसलं, रेडिएटरची टोपी फिरवली आणि गाडी देऊन टाकली. हवा काढायचं काम राहिलं ते राहिलंच. आठवड्याने काटा लाल घरात गेला की दोष मे महिन्याच्या माथी.

ऊन खोटं आहे असं कोण म्हणेल? २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला तेव्हा जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लावलं. जमावबंदीचं कलम उन्हासाठी वापरायची वेळ आली, यावरून काय ते समजा. गाडीलाही हे ऊन लागतंच, आणि किती लागतं याचा हिशेब करता येतो. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या जोरावर. पाणी ९० अंशांवर आणि बाहेर ३० अंश असले तर फरक ६० चा. बाहेर ४५ झाले की फरकही ४५ वर येतो. म्हणजे रेडिएटरची चौथाई ताकद उन्हाने खाल्ली. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात उभा, त्यामुळे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापून आलेली. एवढं सगळं कबूल. पण ही चौथाई धरूनच इथल्या गाड्यांना रेडिएटर दिलेला असतो. मारुती ८०० आली १९८३ च्या डिसेंबरात आणि बंद झाली २०१४ च्या जानेवारीत. मधले तीस उन्हाळे ती अकोल्यात चाललीच ना? ज्या गाडीने पहिले दहा मे महिने काटा न हलवता काढले आणि पंप बदलल्यानंतर जी डिसेंबरातही तापायला लागली, तिच्या बाबतीत उन्हाचं नाव घेणं म्हणजे शुद्ध पळवाट आहे.

आणि वयाचं म्हणाल, तर मूर्तिजापूर जंक्शनाला विचारा. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर अशा धावत आलेल्या शकुंतला रेल्वेला १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं. सत्तर वर्षं, हेच ऊन, पोटात पेटलेली भट्टी आणि पाण्यावरच सगळा खेळ. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर ठरावीक मुदतीने उघडून धुवायची रेल्वेची पद्धत होती. इंजिन म्हातारं झालं म्हणून त्या धुण्यातून त्याला सूट मिळत नसे, उलट तेव्हाच जास्त जपावं लागे. आपण मात्र पंधरा वर्षांच्या गाडीला म्हातारी म्हणून सोडून देतो आणि तिचं पाणी शेवटचं कधी बदललं हे मालकाला सांगता येत नाही.

आता हवेचं बघू. एक लीटर पाणी जेवढी उष्णता उचलतं, तेवढी उचलायला जवळपास साडेतीन हजार लीटर हवा लागते. म्हणून सिलिंडर हेडच्या एखाद्या कोपऱ्यात, एक्झॉस्ट वॉल्वच्या शेजारी, कपभर हवा अडकली तरी तेवढ्या जागेपुरतं इंजिन कोरडं चालत असतं. तिथला धातू तापतो, शेजारच्या पाण्याची वाफ होते, वाफ पाण्याला रेडिएटरशेजारच्या कूलंटच्या बाटलीकडे ढकलते आणि आतलं पाणी आणखी कमी होतं. हीच हवा पंपाशी जाऊन बसली तर पंपाचा पंखा नुसता फिरतो, पाणी पुढे जात नाही. मालक बाटली भरलेली बघून निर्धास्त असतो.

यात नवीन काहीच नाही. डिझेल संपून ट्रॅक्टर बंद पडला, तर टाकीत डिझेल ओतून नुसता सेल्फ मारत बसणारा शेतकरी दर्यापूर-अंजनगावात शोधून सापडायचा नाही. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, हाताने पंप मारायचा, बुडबुडे संपून सलग धार लागली की स्क्रू आवळायचा, हे तिथल्या दहावीतल्या पोरालाही येतं. डिझेलच्या नळीत हवा चालत नाही हे ज्याला पाठ आहे, तोच माणूस पाण्याच्या नळीत हवा राहिल्याचं सांगितलं की हसतो. का, ते मला अजून उमगलेलं नाही.

हवेची लक्षणं ओळखायला यंत्र लागत नाही. काटा सरळ चढत जात नाही, उडतो. एकदम वर, मग आपोआप खाली. गाडी सुरू करताना डॅशबोर्डच्या मागून गुडगुड आवाज येतो, जणू कुणी आत बाटलीतून पाणी ओततंय. आणि इंजिन तापलेलं असताना हीटर लावला तर थंड हवा येते, कारण हीटरच्या छोट्या जाळीत पाणी पोचलेलंच नसतं. कधी कधी याहून वाईट होतं: काट्याचा सेन्सरच हवेत लटकतो. सेन्सरभोवती पाणी असेल तर तो पाण्याचं तापमान सांगणार, नसेल तर काय सांगणार? काटा मधोमध, आणि हेड मात्र भाजून निघालेलं. गाडी बंद पडते तेव्हा मालक छातीठोकपणे सांगतो, काटा तर वर गेलाच नव्हता. तो खोटं बोलत नसतो.

फॅन डायरेक्ट करण्याच्या प्रकाराचं मूळही पुष्कळदा इथेच सापडतं. फॅन सुरू करणारा थर्मोस्विच पाण्यात बुडालेला असेल तरच वेळेवर चालतो. तो हवेत आला की फॅन लागत नाही. मेकॅनिक म्हणतो, स्विच गेला. वायर काढून फॅन चावीवर जोडतो. चावी फिरवली की फॅन सुरू, मग तो जानेवारीतल्या पहाटेसुद्धा गरगरतोय. स्विच चांगला होता, हवा तशीच आत राहिली, आणि वर फॅनची मोटर दुप्पट झिजू लागली. एक साधी खूण सांगतो. गाडी अकोल्याच्या गर्दीत रेंगाळताना तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर फॅनकडे बघा. उलट गावात बरी राहून महामार्गावर तापत असेल, तर फॅनचा काही संबंध नाही, कारण तिथे वारा फुकट मिळतो. तिथे पाणीच नीट फिरत नाही, किंवा रेडिएटर बुजलाय. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला. तोपर्यंत त्या रस्त्याची जी दशा होती तिच्यात जुनी गाडी फारशी पळवताच येत नव्हती, त्यामुळे हे दुसऱ्या प्रकारचं दुखणं झाकलेलं राहायचं. आता रस्ता चांगला झाला म्हणून गाड्या तापतात असं म्हणणारेही भेटतात. रस्त्याने फक्त दुखणं उघडं पाडलं.

थर्मोस्टॅटवर मात्र जरा थांबावं लागेल, कारण विरोधी पक्षाचा सगळा भरवसा तिथेच आहे. त्यांचा पुरावा असा: काढला आणि गाडी सुधारली, शेकडो गाड्यांना केलंय. हा पुरावा मी खोटा म्हणत नाही. गाडी सुधारते. पण का सुधारते? थर्मोस्टॅट काढायचा तर पाणी सांडतं, हाउसिंग उघडतं, मग पाणी नव्याने भरलं जातं. मधे वाट अडवणारा वॉल्व आता नाही, त्यामुळे इंजिनात अडकलेली हवा सरळ वरच्या होजमधून रेडिएटरच्या तोंडाशी येते आणि निघून जाते. म्हणजे मेकॅनिकने नकळत हवा काढली, आणि श्रेय मात्र काढून फेकलेल्या तुकड्याला दिलं. तोच थर्मोस्टॅट परत बसवून हवा नीट काढली असती तर गाडी तितकीच सुधारली असती. हे करून बघायचे कष्ट कुणी घेत नाही, कारण सुधारलेल्या गाडीला पुन्हा हात कोण लावणार?

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाची गोळी बसवलेला एक वॉल्व. मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं, वाट उघडते. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा छापलेला असतो, तितक्या अंशांना तो उघडायला लागतो. बर्फाशी त्याचं काही देणंघेणं नाही. इंजिन लवकर ठरलेल्या तापमानाला यावं आणि तिथेच राहावं, एवढंच त्याचं काम. काढून टाकला की इंजिन पुरतं तापायला फार वेळ लागतो, ऑइलमधला ओलावा उडत नाही, आणि इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत कॉम्प्युटरला इंजिन अजून थंडच वाटत राहतं, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो. मायलेज पडलं म्हणून मग त्याच गॅरेजात दुसरी तक्रार. शिवाय पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या बाजूला आणखी एक चकती असते. वरची वाट उघडली की ही चकती बायपासची वाट बंद करते. अख्खा थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा पडतो, आणि गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न भेटताच पुन्हा इंजिनात शिरतो. म्हणजे थंड राहावी म्हणून जो तुकडा काढला, तो काढल्यामुळेच गाडी चढावर तापते. आहे ना मौज?

इथे आमच्या बाजूच्या लोकांचेही कान उपटायला हवेत. थर्मोस्टॅट काढू नये हे पटवताना ते सांगतात, की तो नसला तर पाणी इतक्या घाईने रेडिएटरमधून पळतं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. ही थाप आहे. पाणी बंद वर्तुळात फिरतंय. ते रेडिएटरमधून घाईने गेलं तर इंजिनातूनही घाईनेच जातं, आणि वेगाने फिरणारं पाणी सर्वसाधारणपणे जास्तच उष्णता बाहेर टाकतं. बाजू खरी असली म्हणून तिच्यासाठी खोटी कारणं द्यायची गरज नाही.

थर्मोस्टॅट अडकू शकतो, हे खरं. शंका असेल तर काढा, जुन्या पातेल्यात पाण्यात लटकवा, पातेलं गॅसवर ठेवा आणि बघा. थर्मामीटर असेल तर उत्तम. पाणी उकळीला आलं तरी तोंड मिटलेलंच असेल तर तो गेला. नवा काही शे रुपयांत मिळतो. बसवताना एक गोष्ट बघा. त्याच्या कडेला टाचणीएवढं भोक असतं आणि त्यात एक लुडबुडणारी बारीक पिन. ती पिन तिथे शोभेला दिलेली नाही. पाणी भरताना वॉल्व मिटलेला असतो, तेव्हा मागची हवा या भोकातून वर निसटावी म्हणून ती सोय आहे. थर्मोस्टॅट उभा बसत असेल तर हे भोक वर, घड्याळातल्या बाराच्या जागी यायला हवं. खाली आलं तर हवा वर आणि दार खाली. ही पिन कुठल्या बाजूला ठेवायची असं विचारल्यावर “कशीही चालते” असं उत्तर देणारा माणूस तुमची गाडी दुरुस्त करत असेल, तर गाडी तिथून काढा.

पाण्याबद्दल बोलल्याशिवाय वऱ्हाडात हा विषय पुरा होत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलाय. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, भातकुली या भागांत जमिनीखालचं पाणी खारट. या पाण्यामुळे किडनीचे आजार होतात अशी तक्रार गावोगाव आहे, आणि माणसांना प्यायचं पाणी वान धरणातून नळाने न्यावं लागलं. आणि तेच बोअरचं पाणी आपण बिनदिक्कत रेडिएटरमध्ये ओततो! क्षार साचून जाळ्या आतून बुजतात, मीठ अॅल्युमिनियमचं हेड खातं, पंपाचा पंखा झिजतो. कूलंट थंड देशांतल्या लोकांसाठी असतं हा युक्तिवाद इथे कोसळतो. कूलंटमधला ग्लायकॉल पाणी गोठू देत नाही हे त्याचं एक काम झालं. त्यातली गंज रोखणारी रसायनं आणि उकळबिंदू वाढवणं ही आपल्या कामाची. पण जास्त कूलंट म्हणजे जास्त थंड, हेही तितकंच चूक. नुसता ग्लायकॉल वजनाला वजन पाण्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त उष्णता वाहतो. डब्यावर सांगितलं असेल त्या प्रमाणात, अर्ध्याहून जास्त नाही, आणि बाकीचं डिस्टिल्ड वॉटर, जे बॅटरीवाल्याकडे मिळतं. रस्त्यात अडलात तर जारचं पाणी चालवून घ्या, हातपंपाचं नको.

हवा काढण्याचं काम मी अमरावतीत एका गॅरेजात शेजारी उभं राहून बघितलं. एक जुनी वॅगन आर, जिचा वॉटर पंप दुसरीकडे कुठेतरी बदलून झाला होता आणि तेव्हापासून जी तापत होती. मिस्त्री साठीचे, बोलायला कमी. गाडी रात्रभर उभी होती म्हणजे पूर्ण थंड, याची त्यांनी होजला हात लावून आधी खात्री केली. गरम गाडीची टोपी उघडून तोंड भाजून घेतलेली माणसं त्यांनी पाहिली असावीत. मग पुढची चाकं लाकडी रॅम्पवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला. गाडीचं तोंड वर झालं, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच आलं. हवेला वरच जायचं असतं, तिला तशी वाट दिली. एसी बंद, हीटरचा नॉब पार लालकडे, पंखा हळू. शेजारी चहा पीत बसलेल्याने विचारलंच, “मिस्त्री, उन्हाळ्यात हीटर काऊन लावून राह्यले बा?” मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही. (हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटर. त्याचा वॉल्व बंद असेल तर तिथली हवा तिथेच बसून राहते. आपल्याकडे हीटर कुणी वापरत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं तो वॉल्व हललेला नसतो.)

कूलंट बारीक धारेने ओतलं, घाई न करता. मधेमधे थांबून वरचा होज हाताने दाबला, सोडला, दाबला. प्रत्येक वेळी तोंडाशी दोन-चार बुडबुडे. टोपी उघडीच ठेवून इंजिन सुरू केलं, रेस नाही, नुसतं आयडलला. पातळी हळूहळू खाली जात होती, ते भरत होते. बराच वेळ काही घडलं नाही, आणि वरचा होज कोमटच होता. मग एका क्षणी तोंडातून एक मोठा बुडबुडा भसकन वर आला आणि पाणी पार खाली गेलं. थर्मोस्टॅट उघडला होता, आणि त्याच्यामागे दडलेली हवा बाहेर पडली होती. त्यांनी लगेच भरलं. होज आता हात लावू नये इतका तापला. डॅशबोर्डमधून गरम हवेचा झोत यायला लागला, तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा हसले. फॅन आपोआप लागला, बंद झाला, पुन्हा लागला. बुडबुडे थांबल्यावर टोपी घातली. “उद्या सकाळी गाडी थंड असताना बाटली पाहा, थोडं उतरीन. भरून द्या,” एवढंच सांगितलं.

काही गाड्यांना या कामासाठी वेगळा स्क्रू दिलेला असतो, थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर किंवा हीटरच्या होजवर. तो थंड इंजिनावर ढिला करायचा आणि बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की बंद करायचा. काही गाड्यांत रेडिएटरला तोंडच नसतं, बाटलीतूनच भरायचं. आणि ज्यांत इंजिन सीटखाली, त्या ओम्नीसारख्या गाड्यांत पाइपांची वाट लांब, म्हणून वेळ जास्त द्यावा लागतो.

यावर एक आक्षेप खरोखर विचार करण्यासारखा आहे. बऱ्याच गाड्या हवा आपली आपण काढतात, मग एवढा खटाटोप कशाला? बरोबर आहे. गाडी तापली की दाब वाढून हवा टोपीखालून बाटलीत जाते, निवली की बाटलीतलं पाणी परत ओढलं जातं. थोडी हवा असेल तर चार-सहा दिवसांत ती निघून जाते. पण यासाठी टोपी चांगली हवी, टोपी ते बाटली ही बारीक नळी तडकलेली नको, आणि बाटलीत पाणी हवं. पंधरा वर्षं जुन्या गाडीत हे तिन्ही धड असणं दुर्मीळ. टोपीत दोन वॉल्व असतात, एक दाब सोडायला, एक पाणी परत घ्यायला. दुसरा अडकला तर गाडी निवल्यावर वरचा होज चपटा होऊन बसतो. तो चपटा दिसला तर नवी टोपी घ्या, होजवाल्याकडे जाऊ नका. नळी तडकलेली असेल तर पाण्याऐवजी हवाच आत ओढली जाते, म्हणजे गाडी रोज थोडी थोडी हवा गिळते. स्वतःची हवा स्वतः काढणारी गाडी ती हीच.

टोपीला आपण झाकण समजतो, पण तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तेवढा दाब तिने धरला की आतलं पाणी शंभरला उकळत नाही, ११८ च्या पुढे जाऊन उकळतं. रबर सुकलेल्या टोपीने हा दाब धरला जात नाही. आता परतवाड्याहून चिखलदऱ्याला निघा. वर सुमारे ११०० मीटर उंचीवर साधं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. अमरावतीत फारसं न जाणवणारं दुखणं घाटात बरोबर उफाळतं, गाडी वळणावर वाफ सोडत उभी राहते, आणि पोरंबाळं दरीकडे बघत बसतात. लोक म्हणतात, घाटाने गाडी मारली.

हवा काढली म्हणजे सगळं बरं होतं असा माझा दावा नाही. बुडबुडे थांबतच नसतील, थंड इंजिन सुरू केल्या केल्या पहिल्या मिनिटातच तोंडाशी फसफस सुरू होत असेल, तर ती अडकलेली हवा नव्हे. ती सिलिंडरमधून येणारी गॅस आहे, हेड गॅस्केट गेलंय. सोबत पांढरा धूर किंवा ऑइल चहासारखं दिसत असेल तर आणखी शंका नको. तेव्हा पुन्हा पुन्हा हवा काढत बसणं हा वेळकाढूपणा. हेड उतरवा, सपाट आहे का ते तपासून घ्या. आतून क्षाराने बुजलेला रेडिएटर हवा काढून मोकळा होत नाही. आणि जिनिंगच्या हंगामात कपाशीच्या गाड्यांमागून फिरणाऱ्यांनी रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर एकदा टॉर्च मारून बघावा. रुई, धूळ आणि किडे यांचा असा नमदा बसलेला असतो की वारा आत शिरतच नाही. हलक्या धारेने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेर, असं धुवा. प्रेशर वॉशरने जाळीच्या पट्ट्या वाकतात.

पण क्रम महत्त्वाचा. हवा काढायला तास-दीड तास आणि थोडं कूलंट लागतं. हेड उतरवायला हजारो रुपये लागतात आणि गाडी आठवडाभर अडकते. आमच्याकडे याच्या उलट क्रमाने काम चालतं.

राहिला प्रश्न पंधरा वर्षं झाली म्हणून भंगारात घालण्याचा. दिल्लीतल्या बंदीच्या बातम्या मोबाइलवर फिरतात आणि अमरावतीतला मालक घाबरतो. डिझेल दहा वर्षं, पेट्रोल पंधरा वर्षं हा नियम दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी परिसराचा. आपल्याकडे खासगी गाडी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून, पाच-पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदवता येते. एप्रिल २०२२ पासून कारची ही फी सहाशेवरून पाच हजारांवर नेली, हे जाचक आहे आणि त्यावर वेगळं भांडता येईल. पण गरम होते म्हणून गाडी भंगारात घालायची आणि ती का गरम होते हे शोधायचंच नाही, हा सरकारचा नियम नव्हे, आपला आळस आहे.

मेकॅनिकांची बाजू मला कळते. थर्मोस्टॅट काढला की दहा मिनिटांत गिऱ्हाईक खूश. हवा काढायची तर गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी लागते, तासभर तोंडाशी उभं राहावं लागतं, आणि शेवटी बिलात लिहायला एकही नवा पार्ट नसतो. “पार्ट काही टाकला नाही, मग पैसे कशाचे?” असं विचारणारं गिऱ्हाईक याच शहरांत राहतं. पंप बदलायला गाडी टाकाल तेव्हा आधीच ठरवा, की हवा काढून, फॅन दोनदा लागलेला बघून मगच गाडी नेणार, आणि त्या तासाची मजुरी बिलावर वेगळ्या ओळीत लिहून घ्या. ती ओळ बघून घासाघीस करणार असाल, तर महिन्याने मिस्त्री थर्मोस्टॅट काढा म्हणेल तेव्हा त्याला नावं ठेवू नका.